हळदीकुंकवाआधीची फायनल

एका शनिवारी सकाळी मी कॉव्हेंट्रीतल्या एका शाळेच्या स्पोर्ट्स हॉलमध्ये बसून, घसा बसेपर्यंत, भलत्याच कुणाच्या तरी मुलीला प्रोत्साहन दिलं.

बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आत हीटर. अशा दारातून आत पाऊल टाकलं की माझ्या चष्म्यावर धुकं धरतं आणि जग दुधात बुडवल्यासारखं दिसायला लागतं. त्या दुधातून एक उंच, लांब वेणीची मुलगी बास्केटबॉल आपटत पळताना दिसली. वेणी आहे म्हणजे आपलीच, असं मी धरून चाललो. "शाब्बास! पळ, पळ!" असं चक्क मराठीत ओरडलो. हाफ-टाइमला ती तोंड वळवून पाणी प्यायला लागली तेव्हा कळलं की ही आपली नव्हे. अंगातली जर्सीसुद्धा आपल्या शाळेची नव्हे.

शेजारच्या म्हाताऱ्याने कौतुकाने विचारलं, "तुमची नात का?"

"नाही," मी म्हटलं. "मी असाच आलोय."

तो थोडा लांब सरकला.

घरी आलो तर आमची कन्या सोफ्यावर पाय वर घेऊन टोस्ट खात बसली होती.

"अगं, तुझी सेमी-फायनल?"

"बाबा, ती वेन्सडेला झाली. डेट बदलला. आम्ही जिंकलो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू ऑफिसमध्ये होता. सगळ्यांचे पेरेंट्स ऑफिसमध्ये होते." मग टोस्टच्या कडेकडे बघत म्हणाली, "केअरटेकर होता ना. त्याने क्लॅप केलं."

पंधरा वर्षांची पोर. शाळेतलं शेवटचं वर्ष. उन्हाळ्यात परीक्षा झाल्या की टीम पांगणार होती. आता फायनल तेवढी राहिली होती. त्या फायनलला समोर माणसं असावीत, एवढंच तिला हवं होतं, आणि तेसुद्धा तिने मला नाही, आईला सांगितलं. आई म्हणजे माझी बायको इथल्या हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर. तिच्या सुईने माणसं झोपतात आणि तिच्या एका वाक्याने मी खडबडून जागा होतो. त्या रात्री ती म्हणाली, "अहो, दुसऱ्यांच्या मुलींसाठी घसा बसवून घेतलात, आता जरा आपल्या मुलीचं बघा."

सोमवारी मी शाळेत जाऊन खेळाच्या बाईंना भेटलो. गळ्यात शिट्टी, हातात चहाचा मग, चेहऱ्यावर कायमची दिलगिरी. पहिल्या वर्षी बाकं भरायची, त्या सांगायला लागल्या, भावंडं, आज्या, शेजारीपाजारी सगळे यायचे. मग शनिवार फुटबॉलने नेला. रविवार पोहण्याच्या क्लासने नेला. जानेवारीत हॉलमध्ये परीक्षेची टेबलं मांडलेली, आणि उरलेले वीकेंड हॉल भाड्याने दिलेला. मॅच सरकत सरकत बुधवारच्या दुपारी जाऊन पडते, आणि बुधवारी दुपारी कोण येणार? कोणी येत नाही, म्हणून पुढची तारीख ठरवताना कुणाला विचारायचं राहून जातं.

"फायनल आपल्याकडे आहे," बाई म्हणाल्या. "पण एकच रविवार मोकळा आहे, तोही चारपर्यंत. नंतर कुणा इंडियन लेडीजचं फंक्शन आहे."

मी माझ्या बुटांकडे बघितलं. ते फंक्शन म्हणजे आमच्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू. आणि तो हॉल बुक करणारा मंडळाचा सेक्रेटरी म्हणजे अस्मादिक. लेकीच्या स्पर्धेला जागा नाही, म्हणून बाईंचं ऐकता ऐकता मी मनातल्या मनात ज्या अज्ञात माणसाला शिव्या घालत होतो, तो रोज सकाळी आरशात माझीच दाढी करत होता.

पण त्याच क्षणी डोक्यात दिवा पेटला. माणसं हवीत ना? माणसं तर माझ्याकडे होती!

घरी येऊन बायकोला म्हटलं, "निमंत्रणात दोन वाजता लिहितो. लोक दोनला येतील, मॅच बघतील, चारला हळदीकुंकू."

"आपले लोक? दोन लिहिलंत तर साडेतीनला उगवतील."

"मग साडेबारा लिहितो."

"साडेबारा लिहिलंत तर जेवायला येतील."

शेवटी दोनच लिहिलं. पुढे 'वेळेवर' असा शब्द घातला आणि खाली जाड रेघ मारली. या शब्दाला मराठी मंडळाच्या निमंत्रणात साधारण 'श्री' इतकाच अर्थ असतो, तो शोभेला असतो.

त्या रविवारची आठवण काढली की मला आधी उजेड आठवतो. हॉलच्या छताला लागून उंच खिडक्या होत्या, त्यांतून फेब्रुवारीचं फिकं ऊन तिरकं येऊन लाकडी फरशीवर पडलं होतं. आमच्या मुली त्या उन्हातून आत-बाहेर करत सराव करत होत्या. बॉलचा आवाज आधी भिंतीवर जायचा आणि मग आपल्याकडे यायचा, जणू दुसऱ्याच कुठल्या तरी हॉलमध्ये दुसरीच मॅच चालली होती. बाकांवर मी, बायको आणि पाच-सहा इंग्रज आईबाप. तिळाच्या वड्यांचा डबा मांडीवर.

दोन वाजले. मंडळाचं कोणी नाही. पण गंमत म्हणजे समोरची टीमही नाही! मोटरवेवर काम चालू होतं आणि त्यांची मिनीबस गाड्यांच्या रांगेत अडकली होती. अडीच वाजले. मुलगी फ्री-थ्रो टाकायची आणि दाराकडे बघायची. टाकायची आणि बघायची. तीनला इंग्रज आईबाप एकेक करून उठले. कुणाला दुसऱ्या पोराला पोहायला न्यायचं होतं, कुणाचं मटण ओव्हनमध्ये होतं. प्रत्येकजण माझी क्षमा मागून गेला, जणू लग्न माझ्या घरचं होतं.

बाई जवळ आल्या. "आता सुरू केली तरी चारला संपणार नाही. मला हॉल रिकामा करून द्यावा लागेल. रद्दच करते."

लेक तिथेच उभी होती, बॉल पोटाशी धरून. आता ती दाराकडेही बघत नव्हती.

"चारचं हळदीकुंकू पुढे ढकललं," मी म्हटलं.

"तुम्ही कोण ढकलणारे?" बाई.

"मी सेक्रेटरी आहे." उभ्या आयुष्यात या पदाचा मला एवढा एकदाच उपयोग झाला.

मिनीबस आली तेव्हा साडेतीन होत होते. तिच्या मागोमाग, जणू तिचीच वरात असावी तशा, कार पार्कमध्ये एकामागून एक गाड्या शिरायला लागल्या. आमचं मंडळ! नेहमीच्या अचूक उशिराने, अगदी ठरल्या वेळी. दार उघडलं आणि काळ्या साड्यांची एक लाटच आत आली. काळी चंद्रकळा, काळं रेशीम, वर जाड विंटर कोट, खाली मोजे, हातात वाणाच्या पिशव्या.

"कार्यक्रम कुठाय?"

"हाच!" मी म्हटलं. "बसा, बसा."

बाकं भरली. समोरच्या टीमचे सर गंभीर चेहऱ्याने माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, "फार वाईट वाटलं. कोण गेलं?" संक्रांतीला आम्ही काळं नेसतो, हे त्यांना समजावेपर्यंत मॅच सुरू झाली.

आमच्या लोकांना नियम ठाऊक नव्हते आणि त्याची कुणाला पडलेलीही नव्हती. बास्केट कोणाचीही पडो, टाळ्या. रेफरीची शिट्टी वाजली, टाळ्या. पुण्याहून सहा महिन्यांसाठी लेकाकडे आलेल्या एक काकू सगळ्यात पुढे बसून सूचना देत होत्या. "अगं, एकटी काय पळतेस, तिला दे की! तिला, त्या गोऱ्या मुलीला! अहो, त्या ढकलतायत आपल्या पोरीला, काही बोला ना कोणी!" उन्हाचा पट्टा फरशीवरून हळूहळू समोरच्या भिंतीवर चढला. आमची मुलगी एकदाच बाकांकडे वळली. सगळ्या काळ्या साड्यांवरून तिची नजर फिरली, आणि मग ती परत खेळायला लागली. काय सांगू, ती जरा उंचच झाल्यासारखी वाटली.

शेवटचा क्षण तर मला अजून स्वप्नात दिसतो. वेणी हवेत, हात वर, बॉल इतका सावकाश वर गेला की मला वाटलं आता तो खाली यायचाच नाही. मग जाळी हलली. सगळा हॉल उठून उभा राहिला. बॉल आत गेला आणि तरीही आम्ही हरलो, एका गुणाने.

काकूंना ते काही पटलं नाही. "शेवटची बास्केट आपली, म्हणजे आपण जिंकलो," म्हणाल्या, आणि त्यांनी दोन्ही टीमच्या मुलींना रांगेत उभं करून हळदीकुंकू लावलं. हरलेल्या, जिंकलेल्या, घामेजल्या कपाळांच्या मुली हातात तिळाची वडी आणि वाणाची प्लास्टिकची चाळणी घेऊन हसत उभ्या होत्या. रेफरीलाही चाळणी मिळाली.

पुढल्या वर्षापासून ती स्पर्धा लांबच्या एका गावी, कामाच्या दिवशी व्हायला लागली. तिथे म्हणे बाकंच नाहीत.

त्या संध्याकाळी घरी येताना गाडीत मागच्या सीटवर लेक झोपली होती. कपाळावरचं कुंकू पुसट होऊन नाकाच्या शेंड्यापर्यंत आलेलं. झोपायच्या आधी एवढंच म्हणाली होती, "बाबा, किती लोक आला!"

मी आरशातून तिच्याकडे बघत म्हटलं, "पण शेवटची ती बास्केट! काय उडी मारली हिने!"

बायको मागे वळून लेकीच्या अंगावरचा कोट नीट करत, ती जागी होणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणाली, "अहो, पाच फाऊल झाले म्हणून हिला बाहेर काढलं होतं. शेवटी ही बाकावर बसून टाळ्या वाजवत होती. ती बास्केट दुसऱ्याच कुणाच्या मुलीची. पुसा आता तो चष्मा, आणि समोर बघून गाडी चालवा."