सहावा ‘का’

नवरा गेल्यावर त्याच्या कंपनीतून मला आलेला पहिला फोन त्याच्या पेटीसाठी होता.

तसे ते लोक स्मशानात आले होते, तेराव्याला जेवूनही गेले. त्यानंतर सगळे गप्प. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या आयटी विभागाच्या प्रमुखांचा फोन आला.

“वहिनी, कशा आहात? जेवताखाता ना नीट?” आणि उत्तरासाठी न थांबता, “शॉपमध्ये, मशिनांपाशी त्यानं ती पेटी बसवली होती ना, ब्रिजची, त्याबद्दल घरी काही बोलला होता का?”

बोलला होता. आमच्या घरी दुसरं बोलणं नव्हतंच. मी आकुर्डीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर नेटवर्क शिकवते, तो चाकणच्या कारखान्यात तेच सांभाळायचा. रावेतच्या आमच्या फ्लॅटमध्ये पोळ्या लाटता लाटता पॅकेटच्या गोष्टी व्हायच्या. शेजारच्यांना वाटायचं, नवराबायको भांडतात.

पेटी म्हणजे एक जुना ऑफिसातला कॉम्प्युटर. कारखान्यात तीन जुनी मशिनं होती. त्यांच्या पोटातली विंडोज इतकी जुनी, की ऑफिसातल्या एखाद्या पीसीचा व्हायरस तिकडे पोहोचला असता तर मशीनच गेलं असतं. मशीनचे पत्ते बदलायचे नाहीत, अशी बनवणाऱ्यांची अट. नेटवर्कच्या वायरी जोडायचा साधा स्विच लावला असता तर चांगलं-वाईट सगळंच आरपार गेलं असतं. म्हणून त्यानं त्या कॉम्प्युटरमध्ये चार तोंडांचं नेटवर्क कार्ड बसवलं आणि त्याच्या ऑपरेटिंग सिस्टीमलाच ब्रिज केलं. कॉम्प्युटरचं मूळचं तोंड धरून पाच झाली: एक ऑफिसच्या स्विचला, तीन मशिनांना, एक मोकळं. मधोमध बसून ब्रिज फक्त ऐकतो. कोणता पत्ता कोणत्या तोंडाकडून बोलला ते लक्षात ठेवतो, आणि पुढच्या वेळी निरोप बरोबर त्याच तोंडाला देतो. नको ते मधेच अडवता येतं. ब्रिजला स्वतःचा पत्ता असायची गरज नसते. दोन्हीकडच्यांना तो मधे आहे हेही कळत नाही. काही मिनिटं एखाद्या पत्त्यावरून काहीच आलं नाही, तर तो पत्ता विसरून जातो. हे वाक्य मी कित्येक वर्षं वर्गात सहज म्हणत आले. या सत्रात ते पुस्तकातून वाचून घ्यायला सांगितलं.

ब्रिजला एक धोका असतो. त्याच दोन जागांमध्ये चुकून दोन वायरी लागल्या, तर निरोप एका वायरीनं जातो, दुसरीनं परत येतो, पुन्हा जातो, प्रत्येक फेरीत वाढतो, आणि काही क्षणांत सगळं नेटवर्क त्या एकाच ओरडण्यानं भरून जातं. याला लूप म्हणतात. तो टाळायला स्पॅनिंग ट्री नावाची सोय आहे. ब्रिज आधी चाचपून बघतो, दोन वाटा दिसल्या तर एक बंद ठेवतो. पण चाचपायला वेळ लागतो. मशीन चालू केलं, की त्याची वाट उघडायला साधारण अर्धं मिनिट.

ते अर्धं मिनिट प्रॉडक्शन हेडना खुपलं. सकाळी मशीन चालू केलं की ते लगेच प्रोग्रॅम मागायचं, वाट उघडलेली नसायची, लाल दिवा लागायचा, ऑपरेटरला पुन्हा बटण दाबावं लागायचं. रोज सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर तोच विषय. एका संध्याकाळी तो घरी आला आणि चप्पल काढता काढता म्हणाला, “आज बंद करून टाकलं स्पॅनिंग ट्री.”

“वेड लागलंय का तुला?”

“साहेब म्हणाले, तुझी अक्कल माझ्या माणसांना उभं करते. चार लोकांत म्हणाले.”

“मग म्हणू दे की.”

“तुला काय जातं सांगायला? तुझी पोरं परीक्षेत लूप करतात, माझी शॉपमध्ये.” आणि हसला. मी हसले नाही.

ही गोष्ट पावसाळ्याआधीची. श्रावणात त्याचं हृदय बंद पडलं.

फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तळवड्याच्या रस्त्यानं चाकणला गेले. का गेले, हे मला नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. पेटी भंगारात टाकतील, एवढीच भीती होती. माझा त्या लोकांवर काही जीव नव्हता.

झालं होतं ते असं. खंडेनवमीला कारखान्यात शस्त्रांऐवजी मशिनांची पूजा होते. त्याआधी सगळी मशिनं, सगळे पॅनल पुसून लख्ख करतात. त्यासाठी वीज बंद केली होती. दसऱ्याची सुट्टी संपली, सकाळी सगळं चालू केलं आणि पूर्ण प्लांटचं नेटवर्क ठप्प झालं. खोक्यांवर लावायची लेबलं छापली जाईनात, लेबलाशिवाय माल घेत नाहीत, गाड्या फाटकात उभ्या. दुपारी कुणीतरी कंटाळून या पेटीचं बटण बंद केलं तेव्हा बाकीचं नेटवर्क जिवंत झालं. मात्र ती तीन मशिनं नेटवर्कपासून तुटली.

पेटीवर कुंकवाचं स्वस्तिक होतं. वर वाळलेली झेंडूची माळ. मी मागच्या बाजूला वाकून बघितलं, आणि मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. शेजारच्या स्विचमधून पेटीकडे एक नाही, दोन वायरी जात होत्या.

“ही दुसरी कधीपासून आहे?”

आयटी प्रमुख चष्मा वर करून बघत राहिले. मागे उभा असलेला खेडकडचा एक वयस्कर ऑपरेटर म्हणाला, “ती व्हय? ती मोकळीच लोंबत असायची ओ ताई. पूजेच्या टायमाला फाइव्ह-एसवाल्यांनी खोचली. लोंबती वायर दिसली की मार्क कापत्यात.”

फाइव्ह-एस म्हणजे कारखान्यातली टापटिपीची स्पर्धा. प्रत्येक वस्तू जागेवर. वायरीचं मोकळं टोक दिसलं, शेजारी एक रिकामं तोंड दिसलं, खोचून टाकलं. त्यांना छान वाटलं असेल.

“म्हणजे लूप,” मी म्हणाले.

“हे टाळता आलं असतं का, वहिनी?” आयटी प्रमुखांनी विचारलं. अगदी विद्यार्थ्याच्या सुरात. आणि मी शिक्षिकेसारखं खरं उत्तर दिलं, “हो. स्पॅनिंग ट्री चालू असतं तर ब्रिजनं दुसरी वाट आपणच बंद ठेवली असती.”

त्यांनी मान डोलावली. “तुम्ही चहा घ्या,” म्हणाले आणि लगबगीनं वरच्या मीटिंगरूमकडे गेले.

मी चहा घेऊन वर गेले, तोवर फळ्यावर लिहून झालं होतं. आमच्याकडच्या कारखान्यांत काही बिघडलं की व्हाय-व्हाय करतात. एकाखाली एक पाच वेळा ‘का’ विचारायचं आणि पाचव्या उत्तराला मूळ कारण म्हणायचं. ते मग ज्यांना माल जातो त्या मोठ्या कंपनीला पाठवतात. गाड्या का थांबल्या, लेबलं नव्हती. लेबलं का नव्हती, नेटवर्क बंद. नेटवर्क का बंद, ब्रिजवर लूप. लूप का झाला, स्पॅनिंग ट्री बंद होतं. ते का बंद होतं? पाचव्या रकान्यात लिहिलं होतं: माजी आयटी एक्झिक्युटिव्हने परस्पर बंद केले.

माजी. जसा काही राजीनामा देऊन गेला होता. आणि चौथ्या रकान्यातलं वाक्य माझं होतं, नुकतंच माझ्या तोंडातून निघालेलं.

प्रॉडक्शन हेड टेबलाच्या टोकाला बसले होते. मी तेराव्याला त्यांना श्रीखंड वाढलं होतं.

“परस्पर नाही,” मी म्हणाले. “तुम्ही सांगितलं म्हणून बंद केलं.”

“मी?” त्यांनी आजूबाजूला बघितलं. “मॅडम, मला या ट्रीचं नावसुद्धा आज कळलं. मी कसं सांगेन?”

“अर्धं मिनिट वाया जातं म्हणून रोज मीटिंगमध्ये कोण बोलायचं?”

“वेळ वाचवा म्हणणं माझं कामच आहे. तो कसा वाचवायचा हे त्याचं काम होतं.” मग आवाज मऊ करून, “मी बंद कर म्हणालो, असं लेखी आहे कुठं? मेल आहे?”

नव्हता. मीटिंगमध्ये चार लोकांत अक्कल काढतात, ती कुणी मेलवर काढत नाही.

“मग वायर कुणी खोचली ते लिहा.”

भिंतीवर फाइव्ह-एसची ढाल लावलेली होती, चकचकीत.

“बरं, मग अजून एक ‘का’ लिहा,” मी म्हणाले. “त्यानं ते का बंद केलं? पाचव्याखाली जागा आहे.”

“मॅडम, फॉरमॅटमध्ये पाचच रकाने आहेत.”

कुणीतरी खाकरलं. मला वाटतं ते हसूच होतं. आयटी प्रमुख माझ्या खुर्चीमागे आले, हळू आवाजात म्हणाले, “वहिनी, आधी मशिनं चालू करून द्या, मग शब्द बघू आपण. त्याला काय आता फरक पडतोय?”

हे वाक्य मी विसरणार नाही. कोणत्याही ब्रिजपेक्षा माझी स्मरणशक्ती चिवट आहे या बाबतीत. काहीच जात नाही.

मी खाली गेले. पासवर्ड त्यांच्याकडेच होता; त्यापुढे काय करायचं, ते त्यांच्यातल्या कुणाला येत नव्हतं. दुसरी वायर मी उपटली. पेटी चालू केली. स्क्रीनवर त्याच्या सवयीची नावं आली, तोंडांना दिलेली, मशिनांच्या नंबरांवरून. मी ब्रिजचं स्पॅनिंग ट्री चालू केलं, पुन्हा सुरू झाल्यावरही चालूच राहील असं लिहून ठेवलं. मग उपटलेली वायर मुद्दाम परत खोचली आणि वाट पाहिली. नेटवर्क चालत राहिलं. ब्रिजनं ती वाट बंद ठेवली होती. सगळ्यांना दाखवून मी वायर काढून घेतली.

“आता मशीन चालू केलं की अर्धं मिनिट थांबावं लागेल,” मी सांगितलं.

“थांबू की,” मघाचाच ऑपरेटर म्हणाला. “आमचे साहेब चहाला अर्धा तास घेत्यात.” आयटी प्रमुखांनी त्याच्याकडे बघितलं तसा तो फडकं घेऊन मशीन पुसायला लागला.

निघण्याआधी मी आयटी प्रमुखांना ती सोय बंद कशी करायची तेही दाखवलं. एक ओळ आहे. त्यांच्याकडून दोनदा टाइप करून घेतली, एकदा बंद, एकदा चालू. लपवण्यासारखं त्यात काही नाही. फळ्यावरचे शब्द बघायला वर चला, असं मला कुणी म्हणालं नाही. फाटकावर त्यांनी हात जोडले. मी जोडले नाहीत.

रिपोर्ट जसाच्या तसा गेला, हे मला त्यांच्याच विभागातल्या एकीकडून कळलं. मूळ कारण: माझा नवरा. उपाय: प्रशिक्षण.

पुढच्याच आठवड्यात आयटी प्रमुखांचा मेसेज आला. “वहिनी, साहेब पुन्हा अर्ध्या मिनिटावरून बोलतायत. बंद करा म्हणतायत. तुम्ही एकदा येऊन करून जाता का?”

मी लिहिलं, “तुम्हाला येतं की. दोनदा केलंत.”

बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं. मग आलं, “माझ्या हातून नको वहिनी. उद्या काही झालं तर.”

तर हे त्यांना कळत होतं. फळ्यावर लिहिलं तेव्हाही कळतच होतं.

मी लिहिलं, “मग साहेबांना मेल करायला सांगा. त्यांच्या नावानं. स्पॅनिंग ट्री बंद करा, एवढंच. मेल आला की मी स्वतः येऊन बंद करीन.”

दोन निळ्या खुणा उमटल्या.

तो मेल आलेला नाही. ती बाई सांगते, साहेब मीटिंगमध्ये अजून ओरडतात, आयटी प्रमुख मान खाली घालतात आणि पेटीला कुणी हात लावत नाही. तीन मशिनं रोज सकाळी अर्धं मिनिट थांबतात. माणसं उभी राहतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. खरं सांगायचं तर बरं वाटतं.