हुकमात नसलेली लेक

डेन्मार्कच्या जटलंड भागातल्या एका मठाच्या चर्चमध्ये राणीला पुरलं, तेव्हा तळघराचं तोंड मोगेन्स गवंड्यानंच चिणलं होतं. 'अकरा दिवसांची होऊन गेलेली माझी लेक माझ्या कुशीत ठेवा आणि पुन्हा आम्हाला कुणी हलवू नका,' असं राणीनं मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं.

वीस वर्षांनी राणीचा नातू गादीवर आला. त्याला सगळ्या पूर्वजांच्या कबरी राजधानीत एका रांगेत हव्या होत्या. दरबारचा अधिकारी येऊन मोगेन्सला म्हणाला, "फोड."

"साहेब, राणीसाहेबांनी बजावून ठेवलंय."

"मेलेल्या राणीचं ऐकायचं की जिवंत राजाचं, ते तूच ठरव. बायकापोरं आहेत ना तुला?"

मोगेन्सनं भिंत फोडली. नव्या पेटीत ठेवायला जुनी पेटी उघडली, तर कापड कुजून मायलेकींची हाडं एकमेकांत मिसळलेली. अधिकाऱ्यानं नाकाला रुमाल लावला. "मूल इथंच राहील. हुकमात त्याचं नाव नाही."

मोगेन्स दुपारभर गुडघ्यांवर बसून हाडं निवडत होता. मग आठ घोड्यांची गाडी राणीला घेऊन गेली.

घरी बायकोनं, बोडिलनं, सातूची लापशी पुढ्यात ठेवली. त्यानं चमचा उचलला नाही.

"अहो, नीट वेगळं झालं ना सगळं?"

"कुठलं गं! आईची बोटं कुठली अन् लेकीचे हातपाय कुठले, कळेचना. काही इकडं राहिली, काही तिकडं गेली."

"बरंच झालं की. थोडी तरी लेक आईबरोबर गेली."

त्यानंतर चर्चचं काम मोगेन्सनं कधीच घेतलं नाही. मरेपर्यंत तो लोकांच्या डुकरांसाठी गोठे बांधत राहिला.