मामांचा प्रश्न

“कोन्या गावचा म्हनायचा ह्यो?” निळ्या डब्याचं झाकण लावता लावता मामा विचारायचे. डब्यात बर्फावर एखाद्या लेकराच्या शौचाचा नमुना असायचा. चौकशी चालायची ती त्यातल्या विषाणूची.

जवळा बाजार गावाजवळच्या आमच्या आरोग्य केंद्रात ते शिपाई होते, मी प्रयोगशाळेत. लहानपणी पोलिओने त्यांचा डावा पाय नेला होता. गुडघ्यावर हात दाबून चालायचे. कुणा मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, की तो पोलिओ तर नाही ना हे बघायला चौदा दिवसांच्या आत, एक दिवसाच्या अंतराने दोन नमुने घेऊन मुंबईला पाठवावे लागतात. हे काम कुणी मागून घेत नाही. मामांनी मागून घेतलं होतं. “आज शी झाली का?” म्हणत ते लोकांच्या अंगणात बसून राहायचे. नमुन्याच्या कामावर असताना कुणाच्या घरी घासभर खायचे नाहीत. आम्ही त्यांची फार थट्टा केली. तुम्हीही केली असती.

एकदा मी त्यांना सांगितलं, की पोलिओचे भाऊबंद पुष्कळ आहेत. एन्टेरोव्हायरस म्हणतात त्या कुळाला. ते जगभर फिरतात, आणि त्यांची जनुकं वाचून कुठला विषाणू कुठल्या देशातल्या विषाणूच्या जवळचा, ते ओळखता येतं.

“म्हंजे सोयरीक करताना कूळ काढतेत तसं?”

“तसंच.”

“मंग माझा कोन्या गावचा व्हता, ताई?” मामांनी विचारलं. मग स्वतःच “आमच्या टायमाला कोनी इचारलंच न्हाई,” म्हणत ते डबा धुवायला गेले.

पुढे जवळच्या एका वस्तीवर चार वर्षांच्या मुलीचा पाय लुळा पडला. आम्हाला कळलं तेच अकराव्या दिवशी. पहिला नमुना लगेच मिळाला, दुसऱ्यासाठी मामा दोन दिवस अंगणात बसले. चौदाव्या दिवशी सकाळी आईने भरलेली डबी आणून दिली. “लेकीच्या पायाचं आता यावरूनच कळंल, बाई,” असं तिला सांगून मामा केंद्रावर आले.

मी नोंद करत होते, तेवढ्यात ती बाई धापा टाकत दारात उभी राहिली. “मामा, ते माझ्या लेकीचं न्हाई. जावेच्या पोराचं हाय. तुमी दोन दिस उपाशी बसून राहिले, मला बघवलं न्हाई.”

माझा पारा चढला. मामांनी हातानेच मला थांबवलं. “ताई, चूक माझी हाय. मी जेवलो असतो तर हिनं असं काहून केलं असतं?” मग तिला म्हणाले, “चला बाई, भाकर करा. जेवतो अन् बसतो.”

खरा नमुना सोळाव्या दिवशी मिळाला. पुढचे काही आठवडे मामा रोज टपाल आलं का विचारायचे. मुंबईहून कळलं, पोलिओ नाही, त्याच कुळातला दुसरा कुणी. पण नमुना उशिराचा, म्हणून खात्रीसाठी, लुळेपणा आल्यापासून साठ दिवसांनी डॉक्टरांनी मुलीचा पाय पुन्हा तपासला. काम नसताना मामाही आले होते.

मुलगी अंगणभर नीट चालली. “अजून एक डाव चाल, माय,” मामा म्हणाले. ती चालली. “अजून एक डाव.” या वेळी तिने गुडघ्यावर हात दाबला आणि थेट मामांसारखी लंगडत आली. तिच्या आईने डोळे मिटून घेतले. मामा मात्र खळखळून हसले, मग तिचा हात धरून हळूच गुडघ्यावरून काढला. “असं न्हाई. तुझं तू चाल.”

ती पळत सुटली. मामा कितीतरी वेळ तिच्या पायांकडे बघत राहिले, आणि मला रडू आलं.

मामा गेल्या वर्षी गेले. आता डब्याचं झाकण मी लावते. नमुन्याबरोबर फॉर्म जातो, त्यावर लेकराचं नाव, वय, गाव असतं. मामांच्या नावाचा तसा फॉर्म कधी कुणी भरलाच नाही.