नानांची तार आणि आमची मंडळी

पाळकाच्या बायकोला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ती चहा ठेवते, लोक बोलतात आणि किस्से ओट्यावरच्या खरकट्या भांड्यांसारखे साठत जातात. घासायचा कंटाळा येतो, एवढंच!

आमचं चर्च धारूरच्या डोंगराकडेला. एक खोली, वर पत्रे. मंडळी जवळजवळ सगळी ऊसतोडीला जाणारी. यांची, म्हणजे पाळकसाहेबांची, सगळी सेवा इथंच झाली आणि यांच्या पाठोपाठ माझीही. लग्नात मला सांगितलं होतं, सेवेत शांती असते. अजून वाट बघतेय!

*

आमचा नाताळ डिसेंबरात होत नाही. तेव्हा सगळे उसाच्या फडावर असतात, चर्चमध्ये आम्ही दोघं आणि काही म्हाताऱ्या. म्हणून टोळ्या निघायच्या आधीच, दिवाळीच्या फटाक्यांत, आम्ही नाताळ उरकून घेतो.

एका वर्षी नाटक ऐन रंगात आलेलं, आणि बाहेर मुकादमाचा ट्रक येऊन उभा! हॉर्नवर हॉर्न. आमचा योसेफ म्हणजे दाविद आणि मरिया म्हणजे त्याची बायको रूथ. तोडीला नवरा-बायको जोडीनंच धरतात, त्या जोडीलाच कोयता म्हणतात. एक गेला की दुसरीला जावंच लागतं.

रूथनं बाळ येशूचा बाहुला माझ्या हातात कोंबला. "बाई, येवढं धरा, मुकादम थांबायचा न्हाई!"

पूर्वेचे ज्ञानी, म्हणजे मागी लोक, बाळासाठी भेटी घेऊन आत आले, तर गोठ्यात मी एकटी. बाळाच्या आईबापांना पळवून लावायला हेरोद राजाला काही करावंच लागलं नाही!

*

आता नाना. गावातले मोठे जमीनदार, पुढारी. आमच्या कब्रस्तानाची गाडीवाट त्यांच्या उसाच्या कडेनं जायची. एका उन्हाळ्यात त्यांनी वाटेवर सिमेंटचे खांब रोवले आणि काटेरी तार ओढली. "जनावरं शिरतेत," म्हणाले. आम्ही अर्जांवर अर्ज केले, पण तेव्हापासून मयत ओढ्यातून वळसा घालून न्यावी लागते. पावसाळ्यात खांदेकऱ्यांच्या कमरेला पाणी लागतं.

सारामावशी आमच्यातली सगळ्यात म्हातारी. तिचा नवरा तारेपलीकडे निजलाय आणि त्याच्या शेजारची जागा तिनं स्वतःसाठी धरून ठेवलीय. तिला आता आयुष्यात एवढंच हवंय, की त्या जागेवर तिला नीट वाटेनं नेऊन ठेवावं.

एका मयतीला ओढ्यात खांदेकरी घसरला, पेटी तिरकी झाली, सगळ्यांचा जीव टांगणीला. तेवढ्यात मावशी काठावरून ओरडली, "पाळकसाहेब, मला असलं न्यायचं न्हाई! मला थंडी सोसत न्हाई!"

लोक हसले. मावशी हसली नाही.

*

मग शहरातून सामाजिक न्यायाचं शिबिर आलं. बॅनर, माईक, पाहुणे, सगळं. भाषण सुरू होणार तोच लाईट गेली. गावात जनरेटर एकाकडेच, नानांकडे. त्यांनी लगेच पाठवून दिला. मग मान म्हणून अध्यक्षही नानाच!

दुर्बलांच्या हक्कांवर ते इतकं छान बोलले की पाहुण्या बाईंनी डोळे पुसले. शेवटी पाहुण्यांनी ठराव मांडला, कब्रस्तानाची वाट मोकळी व्हावी. पहिला हात कुणाचा वर? नानांचा! टाळ्या, फोटो, शाल, नारळ.

दुसऱ्या दिवशी हे मोठ्या आशेनं नानांच्या घरी गेले.

"ठरावाला माझा पाठिंबा हायच की, साहेब," नाना म्हणाले. "तारंचा इषय येगळा."

*

त्यानंतर नानांची आई, जिजी, फार आजारी पडली. दवाखाने झाले, अंगारे-धुपारे झाले. शेवटी नानांनी यांना बोलावलं. हे गेले, जिजीच्या उशाशी बसून प्रार्थना केली. औषधानं म्हणा, देवानं म्हणा, जिजी उठून बसली. सारामावशी रोज तिच्याशी गप्पा मारायला जायला लागली.

नानांनी आमच्याकडं ज्वारीचं पोतं पाठवलं आणि स्वतः सांगायला आले. "साहेब, तुमची प्रार्थना लई कडक हाय!"

यांनी तोंड उघडलं, तोच नाना म्हणाले, "रस्त्याचं तेवढं सोडून बोला."

ते गेल्यावर मी यांच्यावर भडकले. आधी रस्ता मागायचा आणि मग प्रार्थना करायची, एवढं साधं कळत नाही? हे शांतपणे म्हणाले, "प्रार्थनेचा सौदा करत नसतात." मी ताट आदळलं. खरं सांगते, त्या ज्वारीची भाकरी मला गोड लागली नाही. चांगलं वागून वागूनही माणूस दमतो.

*

यंदा पुनरुत्थानाच्या सणाला, ईस्टरला, टोळ्या परतल्या. चर्च भरलं. उपासना संपते तो दारात नाना! त्यांचा ऊस उभ्यानं वाळत होता, कारखान्याची टोळी आलीच नव्हती.

"येवढा तोडून द्या," म्हणाले.

"तोडतो की, नाना," दाविद म्हणाला. "पण ट्रॉली आत न्यायची कुठून? पलीकडं वढा, हिकडं तुमची तार."

तार त्याच दिवशी निघाली! अर्जांनी, ठरावानं, प्रार्थनेनं न हललेले खांब उसानं हलवले. मी हसावं की रडावं?

ऊस गेला. शेवटची ट्रॉली बाहेर पडली, आणि नानांचे गडी खांब परत रोवायला आले. बघतात तर वाटेच्या तोंडाशी बाज टाकलेली. बाजेवर सारामावशी, उशाला बायबल, पायाशी पाण्याची कळशी. गडी परत गेले. दुसऱ्या दिवशी आले, पुन्हा परत गेले. आमच्या बायका पाळीपाळीनं भाकरी पोचवू लागल्या. हे तिची समजूत घालायला गेले आणि तिच्याजवळ बसून तसेच घरी आले.

शेवटी नाना स्वतः आले. मी भाकरी घेऊन तिथंच होते. बाजेवर मावशीच्या शेजारी त्यांची आई बसलेली, मांडीवर सूप घेऊन ज्वारी निवडत!

नानांनी आईकडं बघायचं टाळलं. "मावशी, किती दिवस बसणार हाव?"

"लई न्हाई, नाना. मेले की ही लोकं उचलून आत नेतील. जवळच हाय."

नाना मग आईकडं वळले. "अन जिजी, तू घरी कवा येणार?"

जिजीनं सुपातला खडा उचलून बाजूला टाकला.

"ही आत गेली की."