भावाच्या फोनवरचं लग्न

तेलेसियाने जन्मभर झाडाची साल कुटून कापड केलं. लग्न असो, मयत असो, गावात तिच्याच हातचं कापड अंथरलं जायचं. हाताने चोख, तोंडाने फटकळ. पण टीव्हीचं काही निघालं की या बाईची मती गुंग व्हायची.

त्या शनिवारी ऑकलंडला तिच्या लेकीच्या मुलीचं, मेलेआनेचं, लग्न होतं. तेलेसियाचे गुडघे कामातून गेलेले, विमानाचा प्रवास झेपणारा नव्हता. म्हणून तिने कापड पुढे पाठवलं. नात त्यावर उभी राहून नाचणार होती. तो नाच तोंगा बेटांवरच्या आपल्या घरी बसून, चालू असतानाच बघायचा, एवढंच तिचं मागणं होतं.

सून सीसिलियाने आपल्या फोनवरचं लग्न वायरीबियरीशिवाय टीव्हीवर आणलं. पाहुणे दिसले, भाजलेली डुकरं दिसली, आणि एकाएकी सगळं गेलं. टीव्हीभर कुणाच्या तरी फोनचा पडदा आला. वर घड्याळ, खाली चिन्हांची दाटी, आणि मागे हातात मासा धरून हसणारा एक माणूस.

"अगं बाई, तानिएला इथे कसा?"

तानिएला तिचा धाकटा भाऊ. मागच्या अंगणातल्या खोलीत राहायचा. मोठं झाल्यावर बहीणभावाने एका खोलीत बसून टीव्ही बघायचा नाही, ही रीत त्या घरात कधी मोडली नव्हती. तेलेसिया गुडघे विसरून तटकन उठली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"आई, मामा त्यांच्या खोलीतच आहेत. दोन्ही घरांना वायफाय एकच ना, त्यांनी चुकून आपला टीव्ही निवडलाय."

"म्हणजे तो इथे आहे की नाही?"

"नाहीत."

"मग दिसतोय कसा?"

"तो त्यांचा फोन दिसतोय. ते तिकडे बघताहेत, तेच इथे येतंय."

"म्हणजे आम्ही एकच बघतोय?"

"हो. म्हणजे... तसं नाही."

"हो की नाही, एक काय ते सांग! डोकं उठवलंस माझं."

सीसिलियाने आपला फोन पुन्हा जोडला. त्यावर नुसतं गोल चक्र फिरत बसलं. तेवढ्यात टीव्हीवर मामाचा फोन परत हजर. त्याला बिचाऱ्याला चित्र मोठं करायचं होतं, म्हणून समोर येईल ते चिन्ह तो दाबत होता. आणि त्याच्या फोनवर तेच लग्न लख्ख चाललं होतं. मेलेआने अंगाला तेल लावून, केसांत पिसं खोवून कापडाच्या कडेला येऊन उभी होती.

सीसिलिया अंगणात धावली. "मामा, तुमचा फोन आमच्या टीव्हीवर येतोय!"

"ताई बसलीय तिथे? अरे देवा! थांब, बंदच करतो."

"बंद नाही करायचा!" तेलेसिया भिंतीलाच ओरडली. "सीसिलिया, त्याला सांग, फोन तसाच चालू ठेव आणि खोलीबाहेर जाऊन बस!"

थोरल्या बहिणीचा शब्द म्हणजे तिथे हुकूमच. सीसिलिया परत आली. "गेले. नीरफणसाच्या झाडाखाली पाठ करून बसलेत. नाचाची वाट तेही सकाळपासून बघत होते, आई."

तेलेसिया बसली खरी, पण तिला चैन पडेना. "फोन त्याचा, टीव्ही माझा, पोरगी दोघांची. तो बघत नाहीये, पण त्याचंच मी बघतेय. ही रीत मोडली की पाळली?"

"मला नाही ठाऊक."

"पाद्र्यालाही नसणार."

वाद्यं सुरू झाली. मेलेआनेने पाऊल पुढे टाकलं.

"आली बघ! माझ्या कापडावर पाय ठेवला!" तेलेसिया खच्चून ओरडली.

"आई, मी शेजारीच आहे. दिसतंय मला."

"तुला कोण सांगतंय? ती खिडकी उघड." आणि आणखी आवाज चढवून, "डावा हात वर नेला! मान झटकली, अशी हळूच! हसली गं हसली!"

झाडाखालून एक टाळी आली. तेलेसिया बोलता बोलता थांबली. सुनेकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं.

"हे चालतं का गं?"

सीसिलियाने खिडकीची दुसरी झडपही उघडली.

"आता उजवा हात!" तेलेसिया खिडकीकडे तोंड करून ओरडली.