तारेनं बांधलेला टर्बो

आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

गाडी माझी होती, हे आधीच सांगते, कारण आमच्या घरात ते कुणी सांगत नसे. मस्कतहून कायमचा परत येताना माझ्या थोरल्या भावानं ती लाल जपानी टर्बो गाडी आणलेली आणि लग्नात मला देऊन टाकलेली. मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ड्राफ्टिंगला होते आणि सुट्टीच्या दिवशी गाडीत हात काळे करायचे. सायलेन्सर बदलला, हवेचा पाइप मोठा घातला, टर्बोचा दाब दाखवणारा मीटर बसवला. डोंबिवलीत बाई गाडी चालवतेय म्हटल्यावर लोक गॅलरीत येऊन बघायचे. बघा म्हटलं, फुकट आहे! शीळफाट्याच्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरला पाय दाबला की आधी बारीक शिट्टी वाजायची आणि मग पाठीत कुणी धपाटा घालावा तशी गाडी सुटायची. मी एकटीच मोठमोठ्यानं हसत सुटायचे.

मग मुलगी झाली. बाळंतपणाहून परत आले तर गाडी मेंगळट. चढावर विटांचा टेम्पो हॉर्न मारत पुढे जायचा. मीटरही जागेवर नव्हता. "बिघडलेला, काढून टाकला," हे म्हणाले. गाडीला काय झालंय विचारलं तर साळसूदपणे म्हणतात, "अगं, गाडी जुनी झाली. आणि तूही आता पूर्वीसारखी राहिलीस का? आई झालीस." सासूबाईंनी मान डोलावली. आणि मी अशी बावळट, मला ते पटलं! जागरणं चालू होती, कंबर धरलेली. वाटलं, खरंच आपल्यातलाच दम गेला. बॉनेट उघडणं सुटलं. कारखान्यात वरची जागा देत होते, तीसुद्धा झेपणार नाही म्हणून सोडली. कुणाशी धड बोलायचे नाही, आतल्या खोलीत जाऊन रडायचे. मुलगी दोन वर्षांची होईतो हे असंच चाललं.

शेवटी गाडी विकायला मीच हो म्हटलं. रविवारी कल्याणहून गिऱ्हाईक यायचं होतं. इंजिन जरा पुसून ठेवावं म्हणून सकाळी बॉनेट उघडलं. टर्बोपाशी एक झडप असते. ती उघडली की ज्या धुरावर टर्बो फिरतो आणि गाडीला जोर येतो, तो धूर टर्बोला न फिरवताच बाजूनं निघून जातो. त्या झडपेची दांडी तारेनं करकचून बांधलेली होती, झडप कायमची उघडी. पक्कडीनं छान पीळसुद्धा घातलेला. टर्बो फिरणार कसा, कपाळ!

"अहो!" मी अशी ओरडले की बिल्डिंगमधली निम्मी माणसं गॅलरीत आली. हे खाली आले, त्यांनी तार बघितली.

"हे तुम्ही केलंत?"

"अगं, गाडीत लहान बाळ. तू चालवतेस ती अशी. तुझ्या भल्यासाठीच केलं. आणि ॲव्हरेजही वाढलं की!"

ॲव्हरेज! माझ्या डोक्यात सणकच गेली. "हळू चालव म्हणाला असतात तर मी भांडले असते, पण हळू चालवली असती. तुम्ही माझ्यातच खोट काढलीत. मी रडत होते ते बघत होतात ना?"

"एवढं काय त्यात? उद्या मेकॅनिककडून सोडवून आणतो."

"खबरदार हात लावलात तर!"

तार मीच तोडली. मीटर माळ्यावर सापडला, चांगला धडधाकट; तो परत जागेवर बसवला. गिऱ्हाईक आलं त्याला, गाडी विकायची नाही, असं सांगून वाटेला लावलं. सासूबाई म्हणाल्या, चारचौघांत शोभा केलीस. म्हटलं, केली.

संध्याकाळी शीळफाट्याकडे निघाले. हे मुलीला घेऊन मागे बसले. रस्ता मोकळा मिळाला, पाय दाबला. काटा वर चढला, शिट्टी वाजली आणि गाडी सुटली. काय सांगू! माझी गाडी, जशीच्या तशी! मी खो खो हसत सुटले.

मागे मुलीनं भोकाड पसरलं.

"बघ, वेगाला घाबरली पोर," हे लगेच म्हणाले.

गाडी कडेला घेतली, मागे वळले. ती हुंदके देत होती आणि टकामका माझ्या तोंडाकडे बघत होती. मी मुद्दाम पुन्हा तशीच हसले. गाडी जागच्या जागी उभी, तरी ती यांना घट्ट बिलगली.

"वेगाला नाही घाबरली ती," मी म्हटलं. "आईला असं हसताना तिनं आजवर ऐकलेलंच नाही."