दहा कोटी सात

विषय : दहा कोटी सात या संख्येस एक आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही पूर्ण भाग जात नसल्याबाबत.
संदर्भ : सेवानिवृत्त कारकून दत्तोपंत यांचा अर्ज.

कचेरीत किस्से धुळीसारखे साचतात. झटकणारा नेहमी रजेवर असतो. आमच्या तुळजापूरच्या कचेरीत साचले ते बहुतेक दत्तोपंतांचे.

संस्थानाच्या विलीनीकरणानंतर कारभार उर्दूतून मराठीत आला. निकाली निघालेल्या जुन्या उर्दू अर्जांचे गठ्ठे पडून राहिले. त्यांच्या कोऱ्या पाठीवर पंत जेवणाच्या सुट्टीत भागाकार करीत. दहा कोटी सातला दहा हजारांच्या आतल्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहायचे. एकूण बाराशे एकोणतीस भागाकार, एका कागदावर एक. त्यापुढे जायची गरज नसते म्हणे. बाकी उरली की तिच्याभोवती लाल गोल. हिशेबात बाकी उरल्यावर खूश होणारा कारकून मी तो एकच पाहिला.

*

शिपाई हुसेनभाईंनी एकदा विचारले, "पंत, एखाद्यानं भाग गेला तर?"
"तर सगळं संपलं."
"मंग कशाला बघताव?"
"कुणी बघितलं न्हाय म्हणून."
हुसेनभाई मला म्हणाले, "माणूस लई चांगला हाय. घरी सांगा कुनीतरी."

*

तपासणीला आलेल्या साहेबांनी कागद पाहिले. प्रत्येकाच्या तळाशी पंतांनी "भाग जात नाही" असे लिहिलेले.
"एकाने भाग जातो?"
"जातो, साहेब."
"त्याच संख्येने?"
"जातो."
"मग जात नाही असं का लिहिलंत?"
शेरा पडला : खुलासा घ्यावा.

*

पंतांची बायको वारली. चौदाव्या दिवशी ते कामावर आले, सुट्टीत एक भागाकार केला आणि पांढरे पडले. बाकी शून्य. मी ताळा पाहिला. वजाबाकीत हातचा राहिला होता.
"वाचवलंत," पंत म्हणाले. "घरी काय तोंड दाखवलं असतं?"
घरी कुणी नव्हते.

*

निवृत्तीच्या दिवशी शेवटचा भागाकार झाला. नऊ हजार नऊशे त्र्याहत्तरने भागून सातशे छत्तीस उरले. पंतांनी लाल गोल केला, गठ्ठा बांधला आणि काखेत मारला. दारात नव्या साहेबांनी अडवले.
"अर्ज सरकारी आहेत."
"मागची बाजू माझी आहे, साहेब."
"अर्ज पाठीसकट सरकारी असतो. कागद हवे असतील तर रीतसर मागा."

पंतांनी रीतसर मागितले. "कागदांशिवाय मी नुसता म्हणणारा," ते मला म्हणाले. "म्हणणारे काय, लई असतात."

अर्ज माझ्याच टेबलावर आला. टिपणी माझ्याच हातची : "सदर संख्या अर्जदाराची असल्याबद्दल पुरावा जोडावा." साहेबांना असे काही लिहिलेले लागे.

पंतांनी उत्तर दिले : "संख्या कोणाचीच नाही. भागाकार माझे आहेत. अक्षर जुळवून पाहावे."

अक्षर जुळवण्यासाठी समक्ष हजर राहावे, अशी नोटीस काढली. ती परत आली. तिच्यावर टपालवाल्याने पेन्सिलीने लिहिले होते, "मालक मयत."

नोटीस फायलीला लावली. अर्जदार हजर नसल्याने पुढील तारीख दिली. मी निवृत्त झालो तेव्हा अर्ज प्रलंबित होता.